डोळे दिलेली पाने

शनिवार, १२ जुलै

ही वही आरतीने दिली आहे. "बोलायचं नसेल तर लिहा बाबा, पण गप्प बसू नका," म्हणाली. ती पुण्याला परत गेली त्याला बरेच दिवस झाले. वही तशीच पडून होती. आज लिहितो, कारण आज एकजण येऊन गेले आणि त्यांनी जे विचारले त्याचे उत्तर मला द्यायचे आहे.

लातूरहून इथे नांदेडला चन्नबसप्पा आले होते. मूळ निलंग्याचे. 'चांदणवेल' हे मुलांचे मासिक त्यांच्या छापखान्यात निघायचे. त्यात माझी बायको उज्वला 'तारवाला सोपान' ही चित्रकथा काढायची. सोपान सायकलवरून गावोगाव तारा पोचवतो आणि जाता जाता चोऱ्या, लबाड्या उघड्या पाडतो. मासिक बंद पडून खूप वर्षे झाली. उज्वला वैशाखात गेल्याचे त्यांना आता कळले.

फोटोला हात जोडून झाल्यावर त्यांनी पाणी घेतले. मग म्हणाले, "साहेब, लपवत नाही. मी आता छपाई करत नाही. जुन्या चित्रकथांची मूळ पानं विकतो."

मला कळले नाही. मी म्हणालो, अंक तर आमच्याकडे आहेत.

"अंक नव्हे हो. अंक रद्दीवाल्याकडं पण मिळतो. मी म्हणतो ते उज्वलाताईंनी हातानं काढलेलं पान. हैदराबादला डॉक्टर आहेत, बंगळूरला कंपनीवाले आहेत, भिंतीवर काचेत लावतात. तेव्हा कुणाला ठाऊक? छापून झालं की पान रद्दीत. आमच्या प्रेसखाली भजीवाला होता, त्यानं सोपानच्या तोंडावर मिरची भजी दिलीत लोकांना. मी थोडी उचलून ठेवली. बायको म्हणायची, अय्यो, कचऱ्याचा संसार मांडलाय."

मी दिवाणाखालची पत्र्याची पेटी काढली. मासिक बंद पडल्यावरही ती सोपान काढतच राहिली होती. कुणासाठी, ते मी कधी विचारले नाही. चन्नबसप्पांनी हात धुतले, पुसले, आणि पाने एकेक करून टेबलावर मांडली. अंकाच्या दुप्पट आकाराची पाने. खाली निळी पेन्सिल, वर काळी शाई, बोलण्याचे फुगे वेगळ्या कागदावर लिहून चिकटवलेले. निळी रेष छपाईच्या कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणून ती खोडत नसत, हे त्यांनी सांगितले. ते खुशीत होते. मग थांबले.

"साहेब, डोळे कुठं आहेत?"

एकाही चेहऱ्याला डोळे नव्हते. सोपानला नाही, गर्दीतल्या माणसांना नाही, सायकलमागे धावणाऱ्या कुत्र्यालाही नाही.

"अशी आंधळी पानं कोण घेणार हो," ते म्हणाले. "वाईट वाटतं. हात तर काय सुंदर आहे."

मला दसऱ्याच्या आत पुण्याला आरतीकडे राहायला जायचे आहे. घर बंद होणार. तिच्या फ्लॅटमध्ये पेटी मावणार नाही. पाने कुणाच्या भिंतीवर गेली तर उज्वलाचे नाव राहील. नाही तर रद्दी.

रविवार, १३ जुलै

डोळ्यांचे कारण लिहून ठेवतो.

तिचे माहेर बिलोलीचे. तिचे वडील महालक्ष्म्यांचे मुखवटे रंगवत. आसपासच्या गावांतले लोक दर वर्षी मुखवटे नव्याने रंगवायला आणून देत. सगळा रंग आधी होई, डोळे मात्र नेणारा माणूस अंगणात येऊन उभा राहिला की मगच. डोळे काढून झाले की ते मुखवटा त्याच्या हातात देऊन म्हणत, "न्या आता." त्यांचे म्हणणे, डोळे दिले की ती वस्तू राहत नाही, पाहुणा होतो. आणि पाहुण्याला तिसऱ्या दिवशी वाटेला लावावे. महालक्ष्म्यासुद्धा तिसऱ्या दिवशी जातात, मुखवट्यांचे डोळे लाल कापडात बांधून डब्यात ठेवतात.

उज्वलाने चित्रांनाही तोच नियम लावला. पान पूर्ण झाले की मला ते स्टँडवर नेऊन लातूरच्या कंडक्टरच्या हाती द्यावे लागे. मी चप्पल घालून दारात उभा राहिलो की ती डोळे काढायची. शाई ओली असायची. मी म्हणायचो, वाळू दे. ती म्हणायची, "निघा आता. वाळायची वाट बघू नका." त्यासाठी तिने खाकी कापडाची सपाट पिशवी शिवली होती. ती अजून स्वयंपाकघराच्या दाराशेजारी खुंटीला आहे.

मासिक बंद झाल्यावर पाने घराबाहेर जाणार नव्हती. म्हणून डोळे नाहीत. एवढे साधे आहे.

बुधवार, १६ जुलै

मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक होतो. दुसऱ्याने काढलेल्या रेषेवरून शाईची रेष ओढणे हेच आयुष्यभर काम. हात अजून थरथरत नाही.

आज जुन्या अंकातल्या सोपानचे चेहरे झेरॉक्सवाल्याकडून दुप्पट मोठे करून आणले. बटर पेपरवर डोळे उतरवले, मागून पेन्सिल घासली, तिच्या पानावर ठेवून दाबले आणि तिच्याच टाकाने शाई भरली. एका पानाला सकाळ लागली. पान चांगले दिसते. चन्नबसप्पांना फोन केला. "एखादं घेऊन या, बघू," म्हणाले.

शनिवार, १९ जुलै

दुसरे पान केले. झेरॉक्सची छपाई फिकी आली आहे, डोळे ताणावे लागले. दुकानदाराला सांगायला हवे.

एक चूक झाली. अंकातला सोपान समोर बघतो. माझ्या दोन्ही पानांत तो बाजूला बघतो. बटर पेपर शाई भरताना सरकला असणार. पण पेपर पुन्हा लावून पाहिला तर बरोबर बसतो, बुबुळ मधोमध आहे. पानावर ते कडेला आहे. शाई पसरली असेल. हवेतल्या ओलाव्यामुळे होते असे.

गुरुवार, २४ जुलै

लातूरला जाऊन आलो. सकाळी चुकून देगलूरच्या बसमध्ये बसलो. कंडक्टर हसला, "काका, लातूर मागता आन् देगलूरच्या गाडीत बसून राहिलात? एवढी मोठी पाटी दिसंना व्हय?" पाटीवर चिखल असावा. उतरून दुसरी पकडली.

चन्नबसप्पांची खोली म्हणजे जुन्या छापखान्याचा मागचा भाग. भिंतीला कपाटे, त्यांत प्लास्टिकच्या पाकिटांत पाने. ते हळू आवाजात बोलतात, पाने झोपली आहेत अशा बेताने. मी पान दिले. त्यांनी ते खिडकीशी नेले.

"डोळे कुणी काढले?"

"मी."

"मग मागं लिहावं लागेल. रागावू नका. आमच्या धंद्यात दुसऱ्याचा हात लागला तर घेणाऱ्याला सांगायलाच पाहिजे. नाही सांगितलं तर ती चोरी."

मी म्हणालो, जरूर लिहा. त्यांनी भिंग काढले. फार वेळ बघितले. मग भिंग ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

"चेष्टा करता का साहेब, या वयात?"

"का बरं?"

"तुमची रेष मला ठाऊक आहे. तुम्ही चांदणवेलला एकदा गोदावरीचा नकाशा काढून दिला होता. तुमची रेष चालते. एकसारखी, सावकाश. ही रेष पळते. इथं बघा, टाक टेकला, वळला, उचलला. मध्ये विचार नाही. गिरवलेली रेष अशी येतच नाही. हे ताईंचे डोळे आहेत."

त्यांनी भिंग माझ्या हातात दिले. मला काही नीट दिसले नाही. त्यांच्या खोलीत उजेड कमी आहे.

पान त्यांनी ठेवून घेतले. हैदराबादचे डॉक्टर घेतील म्हणाले. "बाकीची आणा. डोळे कुणी काढले ते राहू द्या, आणा फक्त." येताना बस लगेच मिळाली. पाटी लांबूनच वाचली.

मंगळवार, २९ जुलै

नागपंचमी. शेजारच्यांनी दिंडं आणून दिली.

आज तीन पानांना डोळे दिले. ती भिंतीला टेकवून ठेवली आहेत, शाई वाळेपर्यंत.

रविवार, ३ ऑगस्ट

शाई केव्हाच वाळली. पाने तिथेच आहेत. आणखी काही झाली, तीही मांडली. चन्नबसप्पांचा फोन आला, अजून काम बाकी आहे म्हणालो. ते खरेच आहे.

एक लिहायला हवे. या घरात उन्हाळ्यापासून मी ताट वाढून घेतले नव्हते. पातेल्यातूनच खायचो. आता ताट घेतो. घरात कोणी बघत असले की माणूस नीट जेवतो. दाढीही रोज करतो.

शनिवार, ९ ऑगस्ट

ट्यूबलाइट बदलली. नवी आणखी वाईट निघाली. दुकानदार म्हणतो, काका, हिच्याहून जास्त उजेडाची येत नाही. दिवसासुद्धा खोल्यांत धूर भरल्यासारखे वाटते. गोदावरीला पाणी आले आहे, हवा दमट आहे, त्याचेच असावे.

पाने सगळी एकीकडेच बघतात. स्वयंपाकघराच्या दाराकडे. सोपान, गर्दीतली माणसे, कुत्रा. मी उत्तरेच्या भिंतीची पाने पूर्वेच्या भिंतीला लावली. थोड्या वेळाने पाहिले तर तीही स्वयंपाकघराच्या दाराकडेच. प्रत्येक पानावर माझी चूक एकाच दिशेला कशी होते कळत नाही.

नंतर वाटले, यात काय विशेष आहे. ती त्या वेळी तिथेच असायची. दारात उभी राहून हात पुसत विचारायची, चहा टाकू का.

मी स्वयंपाकघरातला दिवा आता बंद करत नाही.

सोमवार, ११ ऑगस्ट

सकाळी भाजी आणायला खाकी पिशवी घेऊन गेलो. रोजची तुटली आहे.

कुलूप काढून आत पाऊल टाकले आणि थांबलो. सगळी पाने दाराकडे बघत होती. माझ्याकडे. भेंडी, कांदे हातात घेऊन मी तसाच उभा. भीती वाटली म्हणणे खरे नाही. कुणीतरी वाट बघत होते असे वाटले. चार पावले चाललो, तर नजरा माझ्याबरोबर चालल्या. मी म्हणालो, "आलो." घरात मोठ्याने बोलल्याला किती दिवस झाले होते.

भाजी काढून ठेवली, पिशवी खुंटीला लावली, पाय धुऊन आलो. तोपर्यंत सगळे पुन्हा स्वयंपाकघराच्या दाराकडे.

मला वाटते मी त्यांना तेवढा आवडत नसेन.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

पोळा. खाली मुलांनी मातीचे बैल आणले होते.

चन्नबसप्पांचा फोन. "साहेब, पानं पाठवताय का लोणचं घालताय? डॉक्टर रोज विचारून राहिलेत."

मी म्हणालो, थोडी राहिली.

"मागच्या फोनलाही काम बाकीच होतं. खरं बोला. विकायची नाहीत का?"

मी भिंतीशी मांडलेल्या पानांकडे वळलो. त्यांचा आवाज खाली आला. मग म्हणाले, "मी पण उचलून ठेवलेली पहिली पानं पाच वर्षं कुणाला दाखवली नाहीत. पण ती माझ्या घरची नव्हती. तुमचं वेगळं. विचार करा."

आरतीने व्हिडिओ कॉल केला. "बाबा, भर दुपारी अंधारात काय बसलाय? पडदे उघडा ना."

"उघडेच आहेत."

तिने फोन तोंडाशी धरला. मग म्हणाली, गणपती झाले की मी येते, डॉक्टरकडे जाऊ. कशासाठी, ते सांगितले नाही. दर वेळी तिला कुठला तरी डॉक्टर दाखवायचा असतो.

आता पेटीत एकच पान राहिले आहे. सगळ्यात वरचे म्हणून चन्नबसप्पा आले त्या दिवशीच, त्यांना न दाखवता मी ते बाजूला ठेवले होते. तिने शेवटचे काढलेले. दवाखान्यात जायच्या आधी त्यावरच काम करत होती. एकच मोठे चित्र आहे. सोपान उंबऱ्यात उभा राहून तार पुढे करतो आहे. एक बाई हात पुढे करून घेते आहे. तिची साडी मला ओळखता येते. मागे खुर्चीत एक माणूस पेपर घेऊन बसलेला, अगदी लहान.

या बाईचे डोळे कुठल्या अंकातून गिरवणार? तिने स्वतःला कधी काढले नव्हते.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

आज झाले ते आठवते तसे लिहितो. ओळी वर-खाली जात असतील.

बिलोलीहून राजकन्या आली. उज्वलाची धाकटी बहीण. वडिलांचे मुखवटे रंगवण्याचे काम आता तीच करते. यंदा आमच्याकडे महालक्ष्म्या बसणार नाहीत, पण खंड पडू नये म्हणून आमचे मुखवटे बिलोलीला तिच्याकडे बसवायचे ठरले होते. न्यायला आली होती.

दार उघडले तर ती आत येईना. चप्पल काढेना.

"दाजी, घरात एवढे पाहुणे हायत आन् मला सांगितलं न्हाई?"

"पाहुणे कुठले? मी एकटाच आहे."

"आक्कानं ह्यान्ला डोळे दिले न्हवते. कुनी दिले?"

मी सांगितले. ती उंबऱ्यातच खाली बसली. "कधी?"

"नागपंचमीपासून. काही त्याआधी."

"आन् अजून घरात? अवो, सोयऱ्याला तिसऱ्या दिशी वाटंला लावावं, हे आमच्या वडलानं तुमाला लग्नात सांगितलं की न्हाई? तुम्ही म्हैना म्हैना कोंडून घातलेत!"

मी म्हणालो, ते कोंडलेले वाटत नाहीत. ते तिच्या दाराकडे बघत असतात. तिच्यासाठी थांबले आहेत.

राजकन्या उठून आत आली. मी मुखवट्यांचा डबा काढून दिला. तो न्यायला तिने आजूबाजूला बघितले आणि खुंटीवरची खाकी पिशवी काढली. काढली, आणि तशीच थांबली. मग पिशवी धरून ती खिडकीकडे गेली. तिथून दाराकडे आली. परत खिडकीकडे.

"दाजी, बघा."

"काय?"

"पिशवीकडं न्हाई, पानाकडं बघा. ह्ये पिशवीसंगं फिरून राहिलेत."

मला दिसले नाही. भिंतीला टेकलेली पांढरी पाने दिसत होती, त्यांवर काळे काहीतरी. मी तसे सांगितले.

तिने पिशवी खाली ठेवली आणि अगदी जवळ आली. "माजं तोंड दिसतंय का तुमाला?"

दिसते, असे मी म्हणालो. ती कुठे उभी आहे ते मला आवाजावरून कळत होते.

"मी रडून राहिले, त्ये दिसतंय का?"

मी चष्मा काढून पुसू लागलो.

मग ती चहा करून घेऊन आली. कपाला माझा हात लावून दिला, लहान मुलाला लावतात तसा. म्हणाली, "त्ये आक्काची वाट बघत न्हाईत, दाजी. त्यान्ला जायाचंय. ज्या पिशवीतून समदे गेले, तिच्याकडं टक लावून बसलेत. आन् तुम्ही त्यान्ला रोज जेवान दाखवून राहिलात."

तीन आठवडे मी त्या दाराशी दिवा जळत ठेवला होता.

मी तिला शेवटचे पान दाखवले. म्हटले, हे एक राहिले आहे, याला अजून कोणी डोळे दिलेले नाहीत. तिने ते उजेडाला धरले आणि डोळे जवळ नेले.

"ह्या म्हाताऱ्याला डोळे हायत की."

"कुठल्या?"

"खुर्चीतल्या. चष्म्याच्या आत. बारीक हायत, पन आक्काच्याच हातचे. दाराकडं बघून राहिलाय."

मी ते पान कितीदा हातात घेतले असेन. मला तो माणूस आंधळाच वाटला होता.

तो कोण आहे ते आम्ही दोघांनीही उच्चारले नाही. राजकन्या एवढेच म्हणाली, "वैशाखापासून बसवून ठेवलाय त्याला."

तिने आजच्या आज सगळी पाने पाठवा म्हणून धरले. मी म्हणालो, पाठवतो, पण त्या बाईला डोळे दिल्याशिवाय नाही. तिला आंधळी पाठवणार नाही. राजकन्याने विचार केला. "परवा महालक्ष्म्या येतील. परवाच द्या, तुमच्या हातानं. मंगळवारी जातील, तवा पानं घराभाईर काढायची. एक दिस जास्त न्हाई. मला वचन द्या."

दिले. तिने मुखवटे लाल कापडात गुंडाळले आणि डबा आपल्या ओटीत घेऊन गेली. पिशवी ठेवून गेली, मला लागेल म्हणून.

रविवार, ३१ ऑगस्ट

दुपारी डोळे दिले. झेरॉक्स नाही, बटर पेपर नाही. बोटाने कपाळ आणि नाक चाचपून जागा ठरवली. निळ्या पेन्सिलची रेष बोटाला लागत नाही, शाईची लागते. टाक टेकवला आणि उचलला. दोनदा.

आयुष्यात पहिल्यांदा खाली काही नसताना रेष काढली.

ती तारेकडे बघेल असे मी योजले होते. चित्र तसेच आहे.

सोमवार, १ सप्टेंबर

ती माझ्याकडे बघते.

घरात बाकी सगळे धूसर आहे. दार, खिडकी, माझा स्वतःचा हात. हे एक पान स्वच्छ दिसते. साडीचे काठ, बांगड्या, डोळे. मी खुर्ची कुठेही हलवली तरी ती माझ्याकडे बघते. बाकीचे पिशवीकडे बघत असतील, असू देत.

आज बिलोलीत महालक्ष्म्यांचे जेवण असेल. मला पुरण येत नाही. वरण-भात, मेथीची भाजी केली, आंबील करायचा प्रयत्न केला. पानासमोर ताट ठेवले. मग तेच ताट मी जेवलो. तिने बघितले.

एक पान ठेवले तर कुणाला कळणार आहे? चन्नबसप्पांनी ते पाहिलेलेच नाही. राजकन्याला सांगता येईल, गेले म्हणून. पुण्याला जायचे नाही म्हटले की पेटीचाही प्रश्न नाही. दिसत नाही तर नाही. जे बघायचे आहे ते दिसते आहे.

मंगळवार, २ सप्टेंबर

सकाळपर्यंत ठरले नव्हते.

बाकीची पाने गोळा करून पुठ्ठ्यांत बांधली. ते सवयीचे काम, न बघताही होते. प्रत्येक पानाच्या मागे, चन्नबसप्पांच्या धंद्याच्या नियमाप्रमाणे, पेन्सिलने लिहिले: चित्र उज्वला, डोळे शेषेराव. त्यांना पटो न पटो. मग पिशवी खांद्याला लावली, चप्पल घातली आणि त्या एका पानाचा निरोप घ्यायला वळलो. निरोप म्हणजे, संध्याकाळी येतो, एवढेच सांगायला.

ती माझ्याकडे बघत होती. मी दारात होतो, चप्पल घालून, पिशवी घेऊन. त्या क्षणी मला ती नजर ओळखू आली. दोन दिवस ती मी माया म्हणून घेत होतो. मायाच होती. पण ती त्या सकाळींची होती. हातात टाक, बोटाला शाई, आणि माझी पावले उंबऱ्यात अडखळलेली.

निघा आता. वाळायची वाट बघू नका.

मी चपलेसकट आत गेलो, पान उचलले आणि सगळ्यात वर बांधले. खाली पडू नये म्हणून दोन्ही हातांनी पिशवी धरून रिक्षात बसलो.

स्टँडवर चन्नबसप्पांना फोन लावून घेतला. एका पोराने नंबर शोधून दिला. मी म्हणालो, पाने निघाली.

"कुरिअरनं?"

"नाही. गाडीनं. पूर्वीसारखी."

ते म्हणाले, "मग मी स्टँडवर उभा राहतो. पूर्वीसारखा."

लातूरची गाडी कुठली ते मी दोघांना विचारले. कंडक्टर तरुण होता, म्हणाला असे पार्सल घेता येत नाही, ऑफिसात पावती करा. मी पावती केली. पिशवीतून पुठ्ठे काढून दिले. त्याने ते आपल्या सीटमागे उभे ठेवले, काचेशी. "काय हाय यात, काका?"

"माणसं आहेत," मी म्हणालो. तो हसला.

गाडी मागे आली, वळली, फाटकाकडे गेली. मी तिथेच उभा होतो. मागच्या काचेवर धूळ होती. त्या धुळीत कुणीतरी बोटाने बदाम काढला होता. खाली पाटी होती, नांदेड लातूर, पिवळ्यावर काळे, आणि लातूरमधल्या 'तू'चा ऊकार थोडा खरवडलेला होता. फाटकाबाहेर पुलाकडे गाडी वळेपर्यंत मी ते वाचत होतो.

शेजारी एक बाई लेकराला कडेवर घेऊन उभी होती. लेकरू मला बघून हसले. त्याला खालचे दोन दात आले होते.

घरी आलो. भिंती रिकाम्या आहेत. स्वयंपाकघराचा दिवा बंद केला. पिशवी खुंटीला लावली नाही. तीत दोन सदरे, औषधे आणि तिचा टाक घातला आहे.

आरतीला फोन केला. म्हणालो, तू येऊ नकोस, मीच निघतो. ती म्हणाली, बाबा, एकटे कसे याल, पाट्या दिसतील का? मी म्हणालो, दिसतील.